वाचकांचे प्रश्न : गरिबीने माणसे जवळ येतात का?

प्रश्न : आमची वसाहत कोल्हापूर जिल्ह्यातील एका औद्योगिक क्षेत्राला लागून आहे. येथील एक कारखाना आठ महिन्यांपूर्वी बंद पडला आणि आमच्यापैकी चाळीसेक घरांचा पगार थांबला. वडीलधारी मंडळी सांगतात की हलाखीच्या दिवसांतच माणसे एकमेकांना धरून राहतात. मला मात्र उलटे दिसते. पूर्वी संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे लोक आता दिसेनासे झाले आहेत. मग गरिबीने आपलेपणा वाढतो, हे खरे की खोटे? दुसरे असे की गणेशोत्सव जवळ आला आहे. या घरांची वर्गणी मंडळाने माफ करावी का?
— एक वाचक

उत्तर : आपण जे पाहत आहात ते खरे आहे आणि ते वडीलधाऱ्यांच्या आठवणीला धरूनही आहे, हे आधी सांगतो. त्यांची आठवण खोटी नाही. फक्त तिचे कारण गरिबीच्या नावावर जमा झाले आहे.

माझे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. वडील गिरणीत होते. दहा बाय बाराची खोली, सामाईक नळ, सामाईक संडास आणि दिवसभर उघडी दारे, असा आमचा संसार होता. गरिबी होतीच, पण महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पगार होत असे आणि सगळा आपलेपणा त्या पगाराच्या आधारावर उभा होता. भिशी चालायची ती प्रत्येकाला आपला हप्ता भरता येत होता म्हणून. गावाहून आलेला भाचा गावकऱ्यांच्या खोलीत वर्षभर राहू शकत असे, कारण आज ना उद्या तो बदली कामगार म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, गिरणीत लागेल आणि आपला वाटा देऊ लागेल, याची सर्वांना खात्री होती. वाटीभर साखर शेजारी जायची आणि आठवड्याने तीच वाटी भरून परत यायची. परत करता येईल हा विश्वास असल्याखेरीज कोणी वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिल्या काही महिन्यांची एकजूट मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. कोकण आणि साताऱ्याकडच्या गावांतून धान्य आले, ज्यांच्या घरात एखादी नोकरी टिकून होती त्यांनी शेजारच्या मुलांना जेवू घातले, वाण्यानेही उधारीची वही मिटली नाही. परंतु तो बेकारीचा काळ नव्हता, तो लढ्याचा काळ होता. समोर मागणी होती, रोज सभा होत्या, आणि उद्या भोंगा वाजेल अशी आशा होती.

दुसऱ्या पावसाळ्यात चित्र पालटले. आमच्या मजल्यावर जेवणाच्या वेळी दारे लावली जाऊ लागली. लहानपणी मला याचा अर्थ कळला नाही. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "उघड्या दारातून कोणी दिसलं तर जेवायला या म्हणावं लागतं, बाळा." ताटात काय आहे हे दुसऱ्याला दिसू नये आणि दुसऱ्याच्या ताटात काय नाही हे आपल्याला दिसू नये, अशी ती दुहेरी लाज होती. कोणी कोणाशी भांडले नव्हते. वाट्या मात्र फिरेनाशा झाल्या. भिशी मोडली. पुष्कळ कुटुंबे गावी गेली आणि परत आली नाहीत. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि जे कामगार कायमचे कामाबाहेर राहिले त्यांच्यातील काहींची मुले पुढे टोळ्यांच्या हाताला लागली. तोही एक प्रकारचा आसराच होता, हे सांगताना आजही जीव तुटतो.

खाणावळवाल्या बायकांचा विचार तर आपल्याकडे फारच कमी झाला. एकट्या राहणाऱ्या कामगारांना त्या महिन्याच्या हिशेबाने जेवण देत. कामगाराचा पगार थांबला तरी वाण्याचे देणे थांबत नसे, आणि ते भागवण्यासाठी त्यांना सावकाराचे जबर व्याज सोसावे लागे. संपाच्या कितीतरी आधी, १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या स्त्रियांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली, ती याच कोंडीतून. त्या काळी 'सामुदायिक भावना' म्हणून जिचे कौतुक होई, तिचा मोठा भाग या बायकांच्या अंगावरच्या कर्जाने चालत होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गिरणगावचा आपलेपणा सर्वांसाठी सारखा कधीच नव्हता. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, जिथे मजुरी अधिक मिळे, तेथे दलित कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातील, तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एकाच गिरणीचा भोंगा ऐकून उठणाऱ्या, सारख्याच गरीब माणसांमध्ये ही भिंत शाबूत होती. गरिबीने ती आपोआप पाडली नाही.

आपल्या वसाहतीशी अधिक जुळणारे उदाहरण ऑस्ट्रियातील आहे. व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल या गावाचे जीवन एका कापडगिरणीवर अवलंबून होते. १९३० च्या सुमारास ती बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाईझेल या अभ्यासकांनी १९३१-३२ मध्ये त्या गावाची बारकाईने पाहणी केली, तेव्हा ४७८ कुटुंबांपैकी ३६७ कुटुंबांत एकालाही काम नव्हते. सगळेच बेकार, सगळ्यांनाच मोकळा वेळ. एकत्र येण्यास यापेक्षा अनुकूल परिस्थिती कोणती? प्रत्यक्षात गावच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, आणि तेही बेकारांसाठी शुल्क माफ असताना. संस्थांची सभासदसंख्या रोडावली. बेकारीचा भत्ता घेऊन कोणी चोरून काम करतो अशा तक्रारी शेजारीच शेजाऱ्याविरुद्ध करू लागले. आपल्या कट्ट्यावरून माणसे का नाहीशी झाली, याचे उत्तर मला या पाहणीत दिसते. दिवसभर काय केले हे ज्याला सांगता येत नाही, तो चारचौघांत बसण्याचे टाळतो.

असे असले तरी बेकार माणसे पुन्हा एकत्र येतात, आणि हेही गिरणगावातच घडले. १९८९ साली दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घर मिळाले पाहिजे, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली, आणि २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. मागणाऱ्यांच्या मानाने हा आकडा फारच तोकडा होता, याचे दुःख आहे. पण गावोगाव विखुरलेले म्हातारे कामगार त्या मोर्चांसाठी एसटीने मुंबईस येत, ते हलाखीच्या ओढीने नव्हे. आपला हक्क आहे आणि तो मागायला आपली गरज आहे, एवढे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

आता वर्गणीविषयी. माफ करू नये, असे माझे मत आहे. माफी दिली की चाळीस घरांची यादी होते, आणि त्या यादीत नाव असलेला माणूस मंडपात फिरकत नाही. त्याऐवजी या वर्षी वसाहतीतील प्रत्येक घरी सारखे कोरे पाकीट द्यावे, त्यात ज्याला जे जमेल ते घालून त्याने पेटीत टाकावे आणि पाकिटावर नाव लिहू नये. देणगीदारांचा फलक यंदा लावू नये. ज्यांना मोठी रक्कम द्यायची आहे त्यांना हे थोडे जड जाईल, तरी त्यांनी ते सोसावे. कामे वाटताना या घरांतील माणसांना केवळ खुर्च्या उचलण्यास बोलावू नये, ज्यात विश्वास टाकावा लागतो अशी कामे त्यांच्याकडे द्यावीत. त्यांच्यात कारखान्याच्या हिशेब खात्यात किंवा भांडारात काम केलेले कोणी असतीलच. मंडळाची जमाखर्चाची वही यंदा त्यांच्यापैकी एकाकडे सोपवावी, आणि थकलेल्या पगाराच्या व भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जांसाठी याच मंडपात, आरतीनंतर, रोज तासभर बसण्याची सोय करावी.