कंटेनरला कीड मारायला मिथाइल ब्रोमाइडचा गॅस मारतात, वास तर येत नाही, मग साधा मास्क लावून माल उतरवला तर चालतं का? पुढे काही त्रास होतो का?

नाही चालत. कापडी मास्क सोडा, धुळीचा एन-95 सुद्धा गॅस अडवत नाही. आणि "वास येत नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं, म्हणून लिहायला बसलो.

2016 सालची गोष्ट, उरणकडच्या एका सीएफएसमध्ये (बंदरालगतचं कंटेनर भरण्या-उतरवण्याचं गोदाम) मी टॅली क्लार्क, म्हणजे माल मोजून लिहून घेणारा, होतो. वाटाण्याचा कंटेनर, आदल्या दिवशी गॅस मारलेला. सकाळी दार उघडलं, मुकादमाने आत डोकं घालून हुंगलं आणि म्हणाला वास नाय काय नाय, चला लावा हात. आधी गॅस मोजायचं मीटर लावा म्हणून मी अडवायला हवं होतं, नाही अडवलं, बाहेर गाडी खोळंबली होती. आमच्यातले एक हमाल, तात्या, सगळ्यात आत, थप्पीच्या तळाशी वाकून पोती ओढत होते, आणि हा गॅस हवेपेक्षा तिपटीने जड, खालीच बसतो, शिवाय पोत्यांत मुरलेला नंतरही हळूहळू निघत राहतो.

दुपारपर्यंत काही नाही. मग डोकं धरलं, मळमळ, डबा तसाच बांधलेला. संध्याकाळी मस्टरवर सही करायला आले तर पेन ओळीवर टेकेचना, म्हणाले एकाच्या दोन ओळी दिसतायत, जीभ जड, चालताना तोल जातोय. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "तात्या, गळ्यात माळ घालून ढोसता होय?" आणि खाडा मांडला. ज्या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नाही, दर आषाढीला पायी पंढरपूरला जातो, तो तिथे खाली मान घालून उभा. पहिल्या डॉक्टरनेही पित्त म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या रात्री फिट आली तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं, कामावर काय उघडलं होतं? रक्तातलं ब्रोमाइड तपासलं तेव्हा कळलं.

तोल सावरायला चार महिने गेले, डाव्या हाताची थरथर अजून आहे. मुकादम मागच्या वर्षी एका लग्नात भेटला, अजून म्हणतो गॅस असता तर मला पण झालं असतं. अरे, तू दारात दोन मिनिटं होतास, ते आत दोन तास वाकलेले होते!

तुम्ही मीटरचं रीडिंग मागा, तोंडी नाही, कागदावर. 5 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे पाच भाग) खाली आल्याशिवाय क्लिअरन्स देत नाहीत, आणि आठ तासांच्या कामाला तर 1 पीपीएमच धरतात. रीडिंग तळाशी आणि मागच्या टोकालाही घ्यायला लावा, दारात घेतलेलं उपयोगाचं नाही. 2015 पासून हा गॅस क्वारंटाइन (आयात-निर्यातीच्या मालातली कीड मारणं) वगैरे सोडून बाकी कामांना बंद आहे, पण ती बंदी ओझोनच्या थरासाठी आली, बंदरावर तो चालूच आहे.

मी डॉक्टर नाही, सगळ्यांना इतकं होतंच असं पण नाही. पण कंटेनर उघडल्यावर दोन दिवसांत हात थरथरले, दोन-दोन दिसलं तर थांबू नका, मोठ्या दवाखान्यात जा आणि केसपेपरवर गॅसचं नाव लिहायला लावा. तात्यांच्या केसपेपरवर ते होतं म्हणून तो खाडा आम्ही नंतर पुसायला लावला.