रोज किती इंग्रजी शब्द पाठ करावेत?

एकही नाही. तुम्ही लिहिलंय की रोज ३० शब्दांची यादी पाठ करता, आठवड्याने त्यातले पाचही आठवत नाहीत, आणि रूममेट म्हणतो तुझी चिकाटी कमी पडते. हे शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसलो. माझाही रूममेट हेच म्हणायचा.

जानेवारी २००५. सदाशिव पेठेत तिघांत एक खोली, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. अभ्यासिकेत इंग्रजी पेपर यायचा, त्यात झाओ झियांग गेल्याची अर्ध्या पानाची बातमी होती. चीनचे आधी पंतप्रधान, १९८७ पासून कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस. त्याआधी सिचुआन प्रांतात शेतकऱ्याला मोकळीक दिली म्हणून तिथले लोक म्हणायचे, धान्य हवं तर झियांगला गाठा. मी शेतकऱ्याच्या घरचा, त्या ओळीवरच थांबलो.

अर्ध्या पानात चौदा शब्द अडले. 'पर्ज' काढला तर डिक्शनरीत आधी जुलाब. पक्षाने पोट साफ करावं तशी माणसं बाहेर काढायची, हे पुढचं वाचल्यावर उमगलं. 'परेड' म्हणजे मला २६ जानेवारीचं संचलन; इथे माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे पक्षातल्याच माणसांना छळलं गेलं त्या धामधुमीत, याच माणसाला विदूषकी टोपी घालून ग्वांगझोच्या रस्त्यांवर 'परेड' केलं होतं. म्हणजे धिंड. 'बुलहॉर्न' मला बैलाचं शिंग वाटलं, पण शेजारीच फोटो होता: १९ मे १९८९ ची पहाट, बीजिंगचा तिआनानमेन चौक, लोकशाहीसाठी उपोषणाला बसलेली पोरं आणि त्यांच्यासमोर हातात भोंगा धरलेले झाओ. आम्हाला यायला फार उशीर झाला, असं ते सांगत होते. मागे वेन जियाबाओ उभे, जे २००५ मध्ये स्वतः पंतप्रधान होते. दुसऱ्याच दिवशी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला. पोरांची बाजू घेतली म्हणून पक्षाने झाओंना पदावरून काढलं आणि ते पुन्हा कधी लोकांसमोर आले नाहीत.

मग आला 'रिहॅबिलिटेट'. बातमीत होतं, त्यांना मरेपर्यंत 'रिहॅबिलिटेट' केलं नाही. रूममेटची वही भरलेली असायची, त्याला विचारलं. तो झटकन म्हणाला, पुनर्वसन. आमच्या घरात हा शब्द रोजचा, आजोबांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. म्हटलं, या माणसाला घर तर होतं! जवळजवळ सोळा वर्षं त्याच घरात नजरकैदेत ठेवलं होतं. मग कसलं पुनर्वसन राहिलं? तो म्हणाला, मेलेल्या चिनी पुढाऱ्याचं वाचून तुला कुठली पोस्ट मिळणार आहे?

अर्थ मला दोन दिवसांनी दुसऱ्या एका लेखात सापडला. पक्षाने ज्याला बदनाम करून टाकलं, त्याला पक्षानेच पुन्हा निर्दोष मानून मानाने परत घेणं. १९७१ मध्ये झाओंना कारखान्यातल्या फिटरच्या कामावरून उचलून पुन्हा पद दिलं ते हेच. १९८९ नंतर ते झालं नाही. वीस वर्षं झाली, हा शब्द मी परत कधी डिक्शनरीत पाहिला नाही. वहीतला अर्थ चूक नव्हता, पण त्या वाक्यात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या दिवशी खोलीत हे मला धड मांडता आलं नाही, म्हणून आज इथे लिहितोय.

तर तुम्ही एक माणूस धरा. ज्याचं पुढे काय झालं ते कळल्याशिवाय झोप येणार नाही असा. त्याच्यावर जे मिळेल ते वाचा. तेच वीस-पंचवीस शब्द पुन्हापुन्हा समोर येतात आणि दर वेळी थोडे वेगळे दिसतात. झाओंनी नजरकैदेत जुन्या कॅसेटांवर, मुलांच्या गाण्यांवर, चोरून आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या, सुमारे तीस टेप. त्या २००९ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा ते मी डिक्शनरी न उघडता वाचलं.

दोन गोष्टी राहिल्या. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर यादीच करा, एवढ्या थोड्या दिवसांत वाचून भागत नाही. आणि या वाटेने राजकारणाचे शब्द येतात, दवाखान्यातले किंवा बँकेतले येत नाहीत. त्यासाठी दुसरा माणूस धरावा लागेल. मी नंतर एका डॉक्टरचं आत्मचरित्र घेतलं होतं.

रूममेटला वही दाखवू नका, बातमी वाचायला द्या.