पोर्शे ९११ साठ वर्षं तशीच का दिसते?

तुम्ही विचारलंय की १९६३ पासून पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स गाडीचा आकार तोच आहे, तर कंपनीला नवीन काही सुचत नाही का? मी बेळगावात उद्यमबागेत पॅटर्नचं काम करतो, म्हणजे फाउंड्रीत वाळूत साचा उठवायला जो नमुना लागतो तो बनवतो. त्यामुळे कुठलाही आकार दिसला की तो तसा का झाला, हेच मी आधी बघतो. आणि ९११ बदलली नाही हे मला अजिबात मान्य नाही. ती सारखी बदलत आली. फक्त इंजिनाची जागा सोडली नाही, म्हणून पाठ ओळखीची वाटते.

इंजिन मागच्या चाकांच्याही मागं आहे. सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे झोपलेले. इंजिन असं बुटकं असल्यामुळे छप्पर सरळ उतरत शेपटीपर्यंत नेता आलं. सुरुवातीला ते हवेवर थंड होणारं होतं, पुढं रेडिएटरच नव्हता, म्हणून तोंडावर जाळी नाही आणि बॉनेट मडगार्डांपेक्षा खाली. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी ही रेषा काढली ती या मांडणीवर. (नाव आधी ९०१ होतं, पूजो या फ्रेंच गाडी कंपनीनं हरकत घेतली म्हणून ९११ झालं.)

पण एवढं वजन मागं टाकल्यावर गाडी वळणावर शेपूट फेकणारच. सुरुवातीच्या काही गाड्यांत तर पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत वजनं भरली होती! खरा इलाज १९६९ च्या मॉडेलला झाला. इंजिन जागेवरच ठेवलं आणि मागची चाकं ५७ मिलिमीटर मागं सरकवली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २२११ चं २२६८ मिलिमीटर झालं. बॅटरीही एकाच्या दोन करून पुढं दोन्ही बाजूंना वाटल्या. जुनी आणि नवी गाडी बाजूनं घेतलेल्या फोटोंत शेजारी ठेवा आणि मागच्या चाकाची कमान बघा, फरक डोळ्यांना दिसतो. आमच्याकडेही ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती आली की कोणी अख्खा पॅटर्न फेकून देत नाही. जुनाच कापून, तुकडा जोडून, घासून घेतो. हे काम मला तसंच वाटतं, आणि म्हणूनच ते मला सगळ्यात आवडतं.

पुढं वाऱ्याचा प्रश्न आला. ती उतरती पाठ वेगात मागची बाजू वर उचलायची. १९७२ च्या शेवटी आलेल्या कॅरेरा आरएस २.७ या ९११ ला म्हणून बदकाच्या शेपटीसारखा स्पॉइलर, म्हणजे मागची बाजू उचलू न देणारी पट्टी, लावला. १९७४ च्या मॉडेलला अमेरिकेच्या कायद्यापायी जाड बंपर आले. हळू धडकेत बंपर आत सरकला पाहिजे, म्हणून कडेला रबराचे काळे भाते आहेत. ९६४ ला (हा ९११ च्याच एका पिढीचा कंपनीतला आकडा, पुढं येणारे ९९६ आणि ९९७ पण तसेच) स्पॉइलर वेग वाढला की आपोआप वर यायला लागला, म्हणजे उभ्या गाडीची पाठ पुन्हा मोकळी.

मध्ये पुढं इंजिन असलेली ९२८ नावाची वेगळी गाडी आणून ९११ बंदच करायचा विचार होता. १९८१ मध्ये पीटर शुट्झ पोर्शेचे प्रमुख झाले आणि त्यांनी तो मोडीत काढला.

माझ्या मते चुकलं ते एकदाच, ९९६ ला, १९९७ मध्ये. इंजिन पाण्यावर थंड करणं भागच होतं. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत होते, आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह घालायचे तर हवा पुरत नव्हती. त्यावर माझी तक्रार नाही. पण खर्च वाचवायला पुढचा भाग पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टर गाडीशी वाटून घेतला आणि गोल दिव्यांच्या जागी पसरट दिवे आले, ते खटकतं. २००४ मध्ये ९९७ ला गोल दिवे परत आणले.

चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांत कधी नवी ९११ दिसली तर मागून बघा, केवढी रुंद झाली आहे ती. २०२४ मध्ये तिच्यात हायब्रिडही आली. इंजिन अजून मागंच आहे, आणि हायब्रिडची बॅटरी बसवली आहे ती पुढं.