मोबाइलवर प्रयोग घेताना

पहिल्याच तासाला चुंबकक्षेत्राच्या मागे लागू नका, फोनच टांगून केलेला लंबक घ्या. फायफॉक्स (फोनच्या सेन्सरवर भौतिकशास्त्राचे प्रयोग करू देणारं अ‍ॅप) प्रत्येक गटाच्या फोनवर आदल्या दिवशीच टाकून घ्या. जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वेगाने फिरतो ते मोजणारा सेन्सर, आहे का तेही बघा. स्वस्त फोनमध्ये बरेचदा नसतो.

फोन टेबलावर स्थिर असला तरी त्यातला त्वरणमापी (त्वरण मोजणारा सेन्सर) ९.८ मी/से² च्या आसपास दाखवतो. मुलं गोंधळतात. लगेच उत्तर देऊ नका. जाड गादीवर फोन सोडून पाहू द्या: पडताना आकडा शून्याजवळ येतो. मग जो वाद रंगतो, तोच खरा तास.

लंबकाची लांबी मात्र फोनच्या मध्यापर्यंत मोजायला लावा, वरच्या कडेपर्यंत नाही. आणि चौघांत एकच फोन द्या, नाहीतर जो तो आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतो.