दहा मिनिटं तुमची, बाकीचं उन्हाचं

गेल्या अंकात वसंतातल्या हस्तकलेबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं वाचताना आई-बाबांचा दमलेला चेहरा दिसत होता. सगळ्यांना पुरून उरतील अशी पाच पत्रं निवडली आहेत.

मुलं चार आणि आठ वर्षांची. मी संध्याकाळी सातला घरी पोचते. 'दहा मिनिटांत फुलपाखरू' म्हणून दाखवतात, पण साहित्य शोधण्यातच अर्धा तास जातो आणि आवरता आवरता माझा जीव जातो. ताई, खरोखर झटपट होणारं काही आहे का?

आहे. पण आधी त्या दहा मिनिटांचा हिशेब मांडू. त्यात कातरी सापडेपर्यंतचा वेळ धरलेला नसतो, फरशी पुसणं धरलेलं नसतं आणि 'मलापण तोच रंग हवा' हे भांडण तर नसतंच. माझ्या मुली तुमच्या मुलांएवढ्या होत्या तेव्हा मीही नोकरीवरून साडेसातला यायचे. बऱ्याच फजितीनंतर कळलं, की आमच्याकडे एकाच जातीची कामं तडीला जातात. आपला हात दहा मिनिटं लागायचा आणि पुढचं काम आपण जेवताना, झोपलेलो असताना आपसूक व्हायचं. पुढचं पाणी बघेल, वजन बघेल, ऊन बघेल.

आज रात्रीच करून बघा. एक पांढरं फूल घ्या, शेवंती किंवा कार्नेशन चालेल. देठ तिरका कापा. अर्धा पेला पाण्यात खाण्याच्या रंगाचे दहा-पंधरा थेंब टाका. रंग गडदच हवा, कंजुषी केली तर फूल नुसतं मळकट दिसतं. फूल त्यात उभं करा आणि झोपा. पाकळ्यांमधून पाण्याची वाफ उडत राहते, त्या ओढीनं देठातल्या बारीक नळ्यांतून रंगीत पाणी वर चढतं. सकाळी पाकळ्यांच्या कडांना आणि शिरांना रंग उतरलेला दिसेल, दिवसभरात तो आणखी भरेल. आठ वर्षांच्या लेकराला एक जास्तीचं काम द्या. देठ मधोमध उभा चिरून दोन बाजू दोन पेल्यांत सोडायच्या (चिरायला तुम्ही, धरायला ते). एकच फूल अर्धं निळं, अर्धं लाल होतं. आमच्याकडे पहिल्यांदा झालं तेव्हा धाकटी दात न घासताच शेजारी दाखवायला पळाली होती.

दुसऱ्या संध्याकाळी फुलपाखरू. कॉफी गाळायचा पांढरा कागद किंवा टीपकागद गोल कापून घ्या. मधोमध काळ्या स्केचपेननं जाड वर्तुळ काढा. पेन पाण्यानं पुसला जाणारा हवा, पक्क्या शाईचा मार्कर इथे ढिम्म हलत नाही. वर्तुळाच्या मध्यावर पाण्याचे चार-पाच थेंब सोडले की पाणी बाहेर पसरतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा वेगळा होत जातो. प्रत्येक रंग कागदावर आपापल्या वेगानं धावतो म्हणून हे घडतं. याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. हा शब्द 1906 साली मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानं छापून आणला, तोही हिरव्या पानांतले रंग वेगळे करताना. गंमत म्हणजे रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग! कागद रात्रभर वाळू द्या. सकाळी मधोमध चुण्या घालून कपड्यांच्या लाकडी चिमट्यात अडकवा, झालं फुलपाखरू. चिमट्यामुळे डिंक लागत नाही आणि ते पडद्यालाही लावता येतं.

पुस्तकात दाबून ठेवलेली फुलं नेहमी काळी पडतात. माझ्या आईची मात्र छान राहायची. माझं काय चुकतं?

ओल. फुलातलं पाणी लवकर बाहेर पडलं नाही की रंग तपकिरी होतो, बुरशीसुद्धा धरते. माझाही एक गुन्हा कबूल करते. सासऱ्यांच्या जाडजूड शब्दकोशात मी एकदा थेट पानांवरच फुलं ठेवली होती. फुलं काळी झालीच, वर 'म' अक्षराच्या चार पानांवर डाग उमटले. सासरे काही बोलले नाहीत. 'म'चा शब्द शोधायची वेळ आली की फक्त माझ्याकडे बघायचे.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. फूल तोडायचं ते दव सुकल्यावर, पावसानंतर तर नाहीच. चपटी, पातळ फुलं निवडायची. गुलाबासारखं भरगच्च फूल अख्खं दाबायच्या फंदात पडू नका, पाकळ्या सुट्या करा. खाली-वर टीपकागद किंवा साधा, गुळगुळीत नसलेला कागद ठेवा. चकचकीत मासिकाचा नको, तो पाणी शोषत नाही (आमचं मासिकही त्यातच आलं). वर जड पुस्तकांची चळत रचा. आणि आता ते काम, जे तुमची आई न सांगता करत असणार : दोन-तीन दिवसांनी कागद बदला. ओला झालेला कागद तसाच राहिला तर फूल स्वतःच्याच पाण्यात भिजत पडतं. पुढे दोन ते तीन आठवडे हात लावू नका. मुलं रोज उघडून बघतात. त्यांच्यासाठी एक वेगळं 'बघायचं पुस्तक' ठेवा आणि खरं कपाटावर.

एवढा धीर नसेल तर इस्त्री. फूल दोन कागदांत ठेवून आधी पुस्तकाखाली चपटं करा. मग वाफ बंद करून मंद इस्त्री दहा-पंधरा सेकंद नुसती टेकवा, उचला, गार होऊ द्या, पुन्हा टेकवा. घासू नका. फूल कडक लागेपर्यंत हेच. इस्त्री अर्थात मोठ्यांच्या हातात.

पिवळी, नारिंगी फुलं रंग चांगला धरतात. लाल फुलं गडद होत जातात. चौकट करून भिंतीवर लावणार असाल तर समोरून ऊन येणारी भिंत टाळा.

मी बाबा आहे. चित्रकलेत मला कायम काठावर गुण. रविवारी बायको ड्यूटीवर असते आणि घरात मी आणि सहा वर्षांचा मुलगा. आम्हाला झेपेल असं सांगा.

हातोडी आहे ना घरी? मग उत्तम.

ताजी फुलं आणि कोवळी पानं गोळा करा. जाड कागदावर किंवा धुतलेल्या सुती कापडावर ती मांडा, वर साधा कागद घाला आणि हलक्या हातानं ठोकत जा. कडेपासून सुरुवात करून आत या. रस उतरून फुलाचा हुबेहूब ठसा उमटतो. जपानीत याला 'तताकीझोमे' म्हणतात, म्हणजे ठोकून रंगवणं. खाली लाकडी पाट घ्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून खळगे आहेत आणि पाहुण्यांपुढे मी तिथे हटकून भांडं ठेवते. रसरशीत जाड फुलं नकोत, लगदा होतो. कापडावरचा रंग धुण्यात फिका पडतो, त्यामुळे शर्ट रंगवण्यापेक्षा शुभेच्छापत्रं करा. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, त्यांना हात लावू नका. बाकी कशाचीही ओळख पटत नसेल तर ते फूल झाडावरच राहू दे.

त्याच रविवारी सकाळी, हातोडी काढायच्या आधी, उन्हाचं काम लावून टाका. स्वस्तातला गडद निळा किंवा जांभळा घोटीव नसलेला कागद घ्या. महागडा कागद इथे उपयोगाचा नाही, त्याचा रंग पक्का असतो. त्यावर पानं, पिसं, किल्ल्या ठेवून वर काच किंवा खडे ठेवा आणि कडक उन्हात सोडा. तीन-चार तासांनी, ऊन मऊ असेल तर संध्याकाळी, वस्तू उचला. कागद विटलेला आणि खाली गडद आकृती. उन्हानं चित्र काढायची युक्ती जुनी आहे. 1842 मध्ये जॉन हर्शेल यांनी रसायन लावलेल्या कागदावर निळे ठसे काढायची रीत शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी तिनंच समुद्री शेवाळाचे ठसे छापून ग्रंथ काढायला घेतला. तुम्हाला रसायनाची गरज नाही. चित्र काढता येण्याचीही नाही, कारण रेघ ऊन मारतं.

पक्ष्यांना घरट्यासाठी लोकरीचे रंगीत तुकडे टांगायचा उपक्रम मुलीला करायचा आहे. चांगला आहे ना?

नका करू. दिसायला गोड आहे, पण लांब धागा पिल्लांच्या पायांना गुंडाळला जातो आणि आवळत जातो. वाळलेलं गवत आणि बारीक काड्या जाळीच्या पिशवीत भरून टांगा, तेवढं पुरे. रंगीत लोकर तिच्या फुलपाखराच्या मिशांना वापरा.

मुलगा तीन मिनिटांत उठून जातो. मग मीच अर्धवट राहिलेलं पूर्ण करत बसते आणि चिडते.

का पूर्ण करता? राहू द्या ना अर्धवट. मी थोरलीचा एक कागदी ससा तिच्या नकळत 'नीट' केला होता, कान सरळ कापले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, हा माझा नाही. खरंच नव्हता.

तीन मिनिटं टिकणाऱ्या मुलाला तीन मिनिटांचा तुकडा द्या : थेंब टाकणं, ठोकणं, मेणखडू घासणं. पानाच्या शिरांची बाजू वर करा, त्यावर पातळ कागद ठेवा, कागद सोललेला खडू आडवा धरून घासायला सांगा. शिरा एकेक करून वर येताना बघितल्या की तीनाची सात मिनिटं होतात. नाही झाली तरी खडू डब्यात टाकायला अर्धं मिनिट लागतं.

तो डबा मात्र आजच करा. बिस्किटांचा रिकामा डबा, त्यात बोथट कातरी, स्केचपेन, मेणखडू, चिमटे, टीपकागद आणि एक ओलं पुसायचं फडकं. डब्यात न मावणारं साहित्य घरात आणायचं नाही. चमकी तर अजिबात नाही. आमच्याकडची शेवटची चमकी मला परवा, थोरलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये सापडली.