ताप आला की लाइमच आठवतो

पत्र: ताई, आम्ही मे महिन्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकटहून अमळनेरला परत आलो. मुलाचे पप्पा दिवाळीपर्यंत तिकडेच आहेत. मुलगा आठ वर्षांचा. गेल्या वर्षी तिथे त्याचा गुडघा टम्म सुजला आणि तपासणीत लाइम डिसीज निघाला. २८ दिवस अँटिबायोटिक दिलं, सूज उतरली. अजूनही दमला की पाय दुखतो म्हणतो. इथे शाळा सुरू झाली आणि वर्गात सर्दी-तापाची साथ आली, तेव्हापासून मी त्याला घरीच ठेवलंय. सासूबाईही म्हणतात, "पोऱ्याले शाळामा नको धाडू." जाऊबाई त्यांच्या मुलांना त्याच्याजवळ बसू देत नाहीत. इथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हा आजार त्यांनी कधी पाहिला नाही. फ्लू झाला तर लाइम परत उसळेल का? श्रावणातल्या कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी आमच्याच घरी जमणार आहे. पावसाळाभर त्याला एका खोलीत ठेवू का? मला रात्र रात्र झोप नाही.
— एक आई, अमळनेर

उत्तर:

पोरी, नको ठेवूस. त्याला शाळेत पाठव आणि कानबाईलाही सगळ्यांत बसू दे. हे वरवरची समजूत घालायला म्हणत नाही, कारणं सांगते.

लाइम हा बोरेलिया नावाच्या जिवाणूचा आजार आणि फ्लू विषाणूचा. कोर्स पूर्ण होऊन गुडघा उतरलेल्या मुलाला फ्लू झाला, म्हणून लाइम परत उठून बसत नाही. दमा, हृदयाचा आजार किंवा मधुमेह असलेल्या मुलांना फ्लूत जास्त जपावं लागतं. लाइम होऊन गेलेलं मूल त्यात मोडत नाही. फक्त पुढे कधी गुडघ्यासाठी स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट सुरू करावं लागलं, तर ती औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. तशी वेळ आली तर काय जपायचं ते डॉक्टरांकडून नव्याने समजून घे. आज तसं काही नाही.

तुझ्या पत्रातलं मला सर्वांत जास्त लागलं ते जाऊबाईंचं. त्यांना दोष देऊ नकोस, त्यांनाही त्यांच्या लेकरांची काळजी आहे. पण हे एकदा घरातल्या सगळ्यांसमोर, पोरगा तिथे नसताना, स्पष्ट बोलून टाक: लाइम एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. शिंकण्याने होत नाही, उष्ट्याने होत नाही, एका अंथरुणात झोपल्यानेही होत नाही. तो होतो तिकडच्या एका जातीच्या काळ्या पायांच्या गोचिडीमुळे. ती बराच वेळ अंगाला चिकटून राहिली तरच. आपल्याकडे गाई-म्हशींच्या अंगावर दिसतात त्या गोचिडी वेगळ्या जातीच्या, त्यांच्यामुळे लाइम होत नाही. तेव्हा आजोबांच्या मागे गोठ्यात जायला त्याला अडवू नकोस. फक्त परत आल्यावर आंघोळ, आणि कानामागे, काखेत, जांघेत एक नजर टाकायची. तुमच्या डॉक्टरांकडून जाऊबाईंसमोर ही चार वाक्यं वदवून घेता आली तर आणखी बरं. घरातली गोष्ट बाहेरच्या माणसाने सांगितली की लवकर पटते.

आता साथीचं. तू तिकडच्या सवयीने हिवाळा धरून चालत असशील. आपल्या महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास. म्हणजे मुलाला गेल्या ऑक्टोबरात तिकडे लस दिली असेल, तर तिचा असर आता बराच ओसरला असणार. लशीतले विषाणूही वेळोवेळी बदलतात, म्हणून दर वर्षी नवी घ्यावी लागते. आपल्याकडे ती पावसाळ्याआधी घेतलेली उत्तम, पण आत्ताही उशीर झालेला नाही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. लाइम होऊन गेला म्हणून लस चालत नाही असं अजिबात नाही. नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच फ्लूची लस देत असतील तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. तिकडे आधी दोन डोस झाले असतील तर एक पुरतो, म्हणून लसीकरणाचं कार्ड सोबत ने. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. शक्य असेल तर तू आणि सासू-सासऱ्यांनीही घ्या. सत्तरीच्या माणसाला फ्लूचा धोका तुझ्या मुलापेक्षा जास्त असतो.

डॉक्टरांनी हा आजार पाहिला नाही म्हणून घाबरून जाऊ नकोस. खान्देशात तो कुणी पाहणार तरी कुठून? त्यांनी ते प्रामाणिकपणे कबूल केलं, अशा डॉक्टरला धरून राहा. त्यांना तुझ्याकडून एक कागद हवा आहे. त्यावर लिही: गुडघा कधी सुजला, कोणता, कोणती तपासणी झाली, कोणतं औषध किती दिवस दिलं, सूज कधी उतरली. तिकडचे रिपोर्ट मुलाच्या पप्पांकडून मागवून घे. लिहून ठेवणाऱ्या आईची किंमत या आजाराइतकी दुसऱ्या कुठल्या आजाराला क्वचितच ठाऊक असेल. तुम्ही राहत होतात त्याच कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. तिथल्या पॉली मरे या आईने आपल्या घरातली आणि आसपासची दुखणी वर्षानुवर्षं टिपून ठेवली. १९७५ साली गावातल्या मुलांचे सांधे सुजत असल्याचं तिने आरोग्य खात्याच्या कानावर घातलं, येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅलन स्टीअर तपासाला आले आणि आजाराला त्या गावाचं नाव पडलं. गोचिडीतला जिवाणू विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना सापडला तो त्यानंतर काही वर्षांनी. १९७५च्या आधी पॉलीला बराच काळ कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. तुझ्या वहीलाही कुणी हसलं तर हसू दे.

आता ताप आला की काय करायचं ते. हे आजच, ताप नसताना ठरवून ठेव. रात्री दोन वाजता अंग तापलेलं असताना डोकं चालत नाही.

घरात थर्मामीटर हवा. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. दुकानात त्याच्या सिरपच्या कमी-जास्त ताकदीच्या बाटल्या मिळतात, दिसायला सारख्याच. एक बाटली संपून दुसरी आणली आणि तेच पाच मिली दिलं, तर डोस दुप्पट होऊ शकतो. म्हणून त्याचं वजन करून डॉक्टरांकडून "या बाटलीतून इतके मिली" असं लिहून घे आणि ती चिठ्ठी बाटलीलाच चिकटव. मोजायला बाटलीबरोबरचं माप वापर, घरातला चमचा नको.

आणि हे नीट वाच. गुडघा दुखला की तू त्याला आयबुप्रोफेन देत असशील, तिकडे ते सर्रास देतात. आपल्या पावसाळ्यात अंगात ताप असताना ते देऊ नकोस. जुलै-ऑगस्टात तापाने पडलेल्या मुलाला फ्लू आहे की डेंग्यू हे पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही. डेंग्यूत आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्हींनी रक्तस्राव वाढू शकतो. अ‍ॅस्पिरिन तर फ्लूतही मुलांना द्यायचं नाही, त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. डेंग्यू नाही असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. हे सासूबाईंनाही सांगून ठेव, म्हणजे तू घरी नसताना कुणी चुकीची गोळी देणार नाही.

फ्लूचा ताप एकदम चढतो. खोकला, घसा, नाक, ठणकणारं अंग, सगळं एकदम. लाइमच्या सुरुवातीलाही ताप, डोकेदुखी, अंगदुखी असते, पण खोकला-सर्दी सहसा नसते. शिवाय ती सुरुवात त्याची मागेच होऊन गेली. फ्लूचं औषध, ओसेल्टामिव्हिर, पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, तू त्यांच्याकडे वेळेत पोच, इतकंच. ताप दोन-तीन दिवस उतरला नाही तर डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी करून घ्या. पाच दिवसांच्या वर लांबला तर अंगावर कुठे काळी खपली आहे का ते पाहा. पावसाळ्यात गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस नावाचा ताप येतो, त्याची ती खूण असते. लाइमची रक्ततपासणी मात्र प्रत्येक तापाला करायची नाही. ती शोधते त्या अँटिबॉडी, म्हणजे जिवाणूशी लढायला शरीराने बनवलेली द्रव्यं, बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यामुळे रिपोर्ट परत पॉझिटिव्ह येईल आणि तू विनाकारण हवालदिल होशील. कुणी महिनोन्महिने अँटिबायोटिक चालू ठेवायला सांगितलं तर तेही ऐकू नकोस. त्याने उरलेली अंगदुखी जात नाही, पोटाचे मात्र हाल होतात.

पायाचं आता सविस्तर सांगते, कारण तुझा जीव तिथेच अडकलाय. समज, फ्लूचा ताप उतरला, पोरगा हुशारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताच रडायला लागला. चवड्यांवर चालतोय, टाच टेकवत नाही. तुला वाटेल, आला लाइम परत! तेव्हा खाली बस आणि हात लावून पाहा. गुडघा मऊ, सपाट, नेहमीसारखा आहे आणि दुखतंय ते पोटरीत, तर ते फ्लूनंतरचं स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. शाळकरी पोरांना ते होतं आणि काही दिवसांत आपोआप बरं होतं. डॉक्टरांना दाखव, पाणी भरपूर पाज. लघवी काळपट, चहासारखी दिसली तर मात्र थांबायचं नाही. उलट लाइमचा गुडघा तू पाहिलेलाच आहेस. वाटीएवढी सूज, त्या मानाने दुखणं कमी, ताप नाहीसारखाच. तशी सूज दिसली तर त्या आठवड्यात दाखव, घाईचं काही नाही. आणि तिसरं, गुडघा लाल, गरम, ताप सणसणीत आणि पाय जमिनीला टेकवू देत नाही, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना. सांध्यात पू झाला असेल तर उशीर परवडत नाही.

तशीच धाव घ्यायची जर श्वास भराभर चालला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर झाले, पोरगा गुंगीत राहिला, पाणी पिईना, आकडी आली, पोटात जोरात दुखून सारख्या उलट्या झाल्या, किंवा हिरड्यांतून-नाकातून रक्त आलं. ताप उतरून बरं वाटलं आणि पुन्हा ताप-खोकला उसळला तरीही. डेंग्यूचा धोक्याचा काळ तर ताप उतरतानाच सुरू होतो. धुळ्याला आणि जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. रात्री गाडी कुणाची, चालवणार कोण, हे दिराशी आजच बोलून ठेव.

बाकी साधी माणसं करतात तेच. शाळेतून आल्यावर साबणाने हात-तोंड धुणं, वेगळी पाण्याची बाटली, मुगाची पातळ खिचडी, गरम वरण. मध आणि तुळशीचा काढा सासूबाईंनी दिला तर देऊ दे. त्या दृष्ट काढत असतील तर काढू दे, त्यांचाही जीव त्याच्यात आहे. मिरच्या आणि धुपाचा धूर तेवढा खोकणाऱ्या पोराच्या खोलीत नको. आजारपणानंतर आठवडा-दोन आठवडे तो लवकर दमेल, पाय दुखतो म्हणेल. खेळाच्या तासाला बसून राहायची मुभा मागणारी चिठ्ठी बाईंना दे, शाळा मात्र बुडवू नकोस. नवा देश, नवी शाळा, पप्पा लांब. त्याला वर्गातले मित्र हवेत. घरी कोंडलेल्या मुलाला "आपल्यात काहीतरी वाईट आहे" असं वाटायला लागतं, आणि ते काढायला फार दिवस लागतात. त्याला स्वतःला सांग की त्याचा आजार कोणता होता, तो बरा झालाय, आणि तो कुणाला लागत नाही. आठ वर्षांच्या पोराला हे कळतं.

झोपेचं. पप्पांनी रोज ठरल्या वेळी फोन करायचा आणि त्यात मुलाच्या तब्येतीची चौकशी सोडून दुसरंही बोलायचं, असं त्यांना माझ्या नावाने सांग. रात्री उठून त्याच्या कपाळाला हात लावणं बंद कर. ताप आला तर तो तुला उठवेल. महिन्याभरात झोप परतली नाही तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा, त्यात कमीपणा नाही.

राहिली कानबाई. रोटाच्या जेवणासाठी सगळे जमतील, जागरण होईल, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ज्याला त्या दिवशी ताप-खोकला आहे त्याने, मग तो सख्खा दीर का असेना, घरी राहावं, आणि हा निरोप सासूबाईंच्या तोंडून जाऊ दे. तुझ्याच मुलाला त्या दिवशी ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप न येईपर्यंत त्याने वेगळ्या खोलीत झोपायचं, इतर कुठल्याही मुलाने झोपलं असतं तसं. नसेल तर त्याला नवे कपडे घाल आणि जाऊबाईंच्या मुलांच्या पंगतीत बसव.