हत्ती पाहिलेल्या माणसांची पत्रं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत झालेल्या यादवी युद्धात (१८६१–१८६५) सैनिकांनी लिहिलेली पत्रं आणि रोजनिश्या वाचायला घेणार आहेस, हे कळलं. फार चांगला विषय निवडलास. पण मजकुरावर लगेच झेप घेऊ नकोस. पत्र कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं आणि ते जपलं कुणी, या तीन प्रश्नांची उत्तरं आधी शोध. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, म्हणून तो आत्ताच सांगून ठेवतो.

सुरुवात प्रसिद्ध पत्रांपासून नको. ऱ्होड आयलंडच्या दुसऱ्या पलटणीतला मेजर सलिवन बलू याने १४ जुलै १८६१ रोजी बायकोला लिहिलेलं पत्र तुला जागोजागी भेटेल. त्याच्या हातची मूळ प्रत सापडलेली नाही. ज्या नकला आहेत, त्या एकमेकींशी शब्दशः जुळत नाहीत. त्यापेक्षा व्हर्जिनिया विद्यापीठात तयार झालेला ‘व्हॅली ऑफ द शॅडो’ हा संग्रह उघड. व्हर्जिनियातली ऑगस्टा आणि पेनसिल्व्हेनियातली फ्रँकलिन, एकाच मोठ्या खोऱ्यातल्या या दोन काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग. एक दक्षिणेकडून लढली, एक उत्तरेकडून. दोन्हीकडची पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात, आणि नवशिक्याला याहून चांगली शाळा नाही.

आता प्रत्यक्ष काम. बहुतेक पत्रं एक ताव मध्ये दुमडून केलेल्या चार पानांवर असतात. पानं १, २, ३, ४ अशाच क्रमाने लिहिली असतील असं धरू नकोस. काही जण पहिल्यानंतर थेट चौथं लिहीत, मग ताव उघडून आतली दोन. वाक्य पुढच्या पानावर तुटलं तर आधी क्रम तपास, लेखकाला दोष नंतर दे. कागद कमी पडला की लिहिलेलं पान आडवं फिरवून जुन्या ओळींवर काटकोनात नव्या ओळी लिहीत. अशा पानाची प्रतिमा फिरवून दोनदा वाच, दर वेळी एकच दिशा. दोन्ही दिशा एकदम वाचायला गेलास तर काहीच हाती लागणार नाही.

लिप्यंतर, म्हणजे हस्ताक्षरातला इंग्रजी मजकूर जसाच्या तसा उतरवून काढणं, करताना ओळ तिथे ओळ ठेव. शुद्धलेखन सुधारू नकोस. पुष्कळ सैनिक कानाला जसं ऐकू येई तसं लिहीत. ‘माहीत आहे’ या अर्थाचा ‘नो’ हा शब्द के आणि डब्ल्यू गाळून, ‘इथे’ आणि ‘ऐकणे’ यांचे ‘हिअर’ एकमेकांच्या जागी, वाक्याच्या शेवटी टिंब नाहीच. त्या चुकांतून त्याचा उच्चार आणि शाळा दोन्ही कळतात. शब्दात लागोपाठ दोन एस आले तर त्यातला पहिला एस लांब काढायची सवय तेव्हा अजून होती. तो एफसारखा दिसतो आणि नवखा माणूस हमखास फसतो. ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा महिना. ३ ऑगस्टच्या पत्रातली ‘२८ अल्ट.’ ही तारीख २८ जुलैची. एवढ्या एका शब्दावरून लढाईचा क्रम उलटा लावलेला सापडतो.

तारखेवर तर कधीच आंधळा विश्वास ठेवू नकोस. जानेवारीत हात सवयीने जुनंच वर्ष लिहितो, आणि पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात बहुधा वर्ष नसतं. वार दिलेला असेल तर तो पडताळून पाहा: ६ एप्रिल १८६२ ला रविवार होता, ३ जुलै १८६३ ला शुक्रवार. पगारही मदत करतो. उत्तरेच्या साध्या गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत, १८६४ च्या मध्यापासून १६. दक्षिणेकडचं पाकीट असेल तर टपालाचा दर पाहा. जून १८६१ पासून ५०० मैलांच्या आत ५ सेंट, त्यापुढे १०. जुलै १८६२ पासून सगळीकडे १०.

लढाईच्या नावावरून लेखकाची बाजू बहुतेक वेळा कळते. उत्तरेचे लोक नदी-ओढ्यावरून नाव देत, दक्षिणेचे गावावरून. १७ सप्टेंबर १८६२ ची लढाई एकाला अँटिटम, दुसऱ्याला शार्प्सबर्ग. सैन्यांच्या नावांत मात्र मोठी गफलत होते. ‘आर्मी ऑफ द टेनेसी’ उत्तरेची, नदीच्या नावाची. ‘द’ नसलेली ‘आर्मी ऑफ टेनेसी’ दक्षिणेची, राज्याच्या नावाची. पलटण नक्की करायला अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेची सैनिकांच्या नावांची यादी वापर. तिच्यात सुमारे ६३ लाख नोंदी आहेत, म्हणजे लढलेल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त, कारण एकच माणूस वेगवेगळ्या स्पेलिंगने किंवा पलटणींत पुन्हा पुन्हा येतो. नाव, कंपनी, पलटण आणि राज्य, चारही जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नकोस.

सैनिकी बोली शब्दशः घेतलीस तर घोटाळा होईल. ‘हत्ती पाहिला’ म्हणजे खरी लढाई अनुभवली. ‘ग्रेबॅक’ म्हणजे ऊ, आणि दक्षिणेचा शिपाईसुद्धा. ‘क्विकस्टेप’ ही कवायत असेल, तसाच जुलाबही. या युद्धात लढाईपेक्षा रोगाने जास्त माणसं मेली, हे लक्षात ठेव. ‘पोट बरं नाही’ ही ओळ घरच्यांना धीर देण्यासाठी मऊ केलेली असू शकते.

सैनिकांची पत्रं तेव्हा सहसा तपासली जात नव्हती. त्यामुळे गावाचं नाव, मेलेल्यांची नावं, अधिकाऱ्याला शिव्या, सगळं उघड लिहिलेलं सापडतं. अपवाद युद्धकैद्यांचा. त्यांचं टपाल तपासलं जाई आणि एका पानाची मर्यादा असे. तिथला कोरडेपणा हा स्वभाव मानू नकोस. खुल्या पत्रातही काटछाट असतेच, फक्त ती लेखक स्वतः करतो. एकाच लढाईबद्दल आईला आणि भावाला लिहिलेली पत्रं मिळाली तर ती आधी वाच.

रोजनिशीचं गणित वेगळं. छापील खिशातली वही, हवामान, किती मैल चाललो, कुणाचं पत्र आलं. मागच्या पानांवर हिशेब आणि कधीकधी पाठवलेल्या-आलेल्या पत्रांची यादी असते. ती यादी उतरवून घे, म्हणजे हरवलेली पत्रं किती ते कळेल. युद्धानंतर पुन्हा लिहून काढलेल्या ‘रोजनिश्या’ ओळखायला शीक. अख्खी वही एकाच शाईत, एकाच हाताच्या संथ वळणात. पुढे रूढ झालेलं लढाईचं नाव त्याच दिवशीच्या नोंदीत. सेनापतीला पुढे मिळालेला हुद्दा आधीच लावलेला. अशा वहीला आठवणींचं वजन दे, रोजनिशीचं नको.

आता तो तिसरा प्रश्न, पत्र जपलं कुणी. विधवांनी आणि आयांनी पेन्शन मिळवण्यासाठी नवऱ्याची, मुलाची पत्रं पुरावा म्हणून सरकारला दिली, म्हणून ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात टिकली. आईच्या दाव्यात पैसे पाठवल्याचा उल्लेख असलेली पत्रं जास्त दिसली, तर त्याचं कारण हेच. सगळे मुलगे तसे होते असं अनुमान काढू नकोस.

स्पॉट्सवुड राइस हा गुलामीतून सुटून सैन्यात आलेला शिपाई. ३ सप्टेंबर १८६४ रोजी सेंट लुइसजवळच्या बेंटन बॅरक्स इस्पितळातून त्याने अजून गुलामीत असलेल्या आपल्या मुलींना लिहिलं, की मी तुम्हाला सोडवायला येतोय. मुलीला अडकवून ठेवणाऱ्या मालकिणीलाही त्याने निर्भीड पत्र पाठवलं. मालकिणीच्या भावाने, जो गावचा पोस्टमास्तर होता, ती पत्रं तक्रारीसोबत सेनापतीकडे धाडली. त्या तक्रारीमुळेच ती आज वाचता येतात. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या मुक्तीसाठी सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय स्वतः लष्करात लढले, आणि त्यांच्यातल्या एका बापाचे हे शब्द आहेत. मराठीत उतरवायला पहिलं पत्र हेच घे.

भाषांतराआधी मूळ लिप्यंतर पूर्ण कर. न लागलेला शब्द अंदाजाने भरू नकोस, चौकटी कंसात ‘अवाच्य’ लिही. पहिली दहा पानं झाली की प्रतिमा आणि लिप्यंतर दोन्ही पाठव. ओळींना क्रमांक घाल, म्हणजे मला खुणा करता येतील.

तुझा हितचिंतक